दगडातला चेहरा

मागच्या पावसाळ्यानंतर नवीन पनवेलजवळ गाढी नदीच्या पात्रात मला एक दगड सापडला. मुठीएवढा, काळा, वर डोळ्यांसारखे दोन खळगे आणि खाली आडवी चीर. थेट माणसाचा चेहरा! रूममेट म्हणाला, "अश्मयुगातला असणार, जपून ठेव." मलाही तसंच वाटलं. सबमिशनच्या आठवड्यात असले उद्योग बरोबर सुचतात.

मग वाचत गेलो आणि हवाच गेली. आपल्याकडचा कातळ बेसाल्टचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, त्यांचे असे खळगे राहतात. डोळ्यांना कारागीर लागलाच नव्हता! माणसाच्या घावाची खूण वेगळी. बारीक पोताच्या दगडाचा छिलका उडाला की त्याच्या आतल्या अंगाला, घावापाशी फुगवटा येतो आणि तिथून शिंपल्यासारख्या लाटा पसरतात. पुरात दगड आपटूनही एखादा छिलका उडेल. पण धारेच्या दोन्ही अंगांनी ओळीने उडालेले छिलके म्हणजे हातच. नेवाशाजवळ चिरकी इथे गुद्रून कोर्विनस यांनी १९६६ ते १९६९ मध्ये उत्खनन केलं, तिथल्या हातकुऱ्हाडी अशाच ओळखल्या जातात.

फसणारा मी पहिला नाही. फ्रान्समधल्या बूशे द पेर्त या जकात अधिकाऱ्याने गारगोटीची हत्यारं शोधली आणि इतर गारगोट्यांत त्याला चेहरे, प्राणीही दिसले. हत्यारांचं म्हणणं १८५९ साली विद्वानांनी मानलं, 'मूर्तीं'चं नाही.

खरी नक्षी हवी तर चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. तिथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा, त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी. भारतातली 'कोरीव' म्हणून सांगितलेली इतर बरीच कवचं तपासल्यावर झाडांच्या मुळांमुळे झिजलेली निघाली. हे कवच टिकलं.

पण वेशीवरचा तांदळा आठवा. छिन्नी न लागलेला दगड, नुसता शेंदूर. शेंदूर धुऊन गेल्यावर उत्खनन करणाऱ्याला काय कळणार? दगड तिथला नाही, एवढंच कळलं तर कळेल. दक्षिण आफ्रिकेत मकापान्सगाटच्या गुहेत चेहऱ्यासारखा एक तांबूस गोटा मिळाला. तो कुणी घडवलेला नाही, पण दुरून आलेला आहे. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी कुणीतरी तो उचलून आणला असावा.

माझा दगडही गाढीतून हॉस्टेलवर आलाच की. खिडकीत होता. परवा झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्याच्यावर जास्वंद वाहिली. आता तो परत नदीत टाकायची माझी काही हिंमत होत नाही.