पिल्लाची शी-शू आणि घराचे वेळापत्रक

कुत्र्याच्या पिल्लाला जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आपणहून शी-शू करता येत नाही. आई पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते तेव्हा ती होते, आणि झालेली घाणही आईच चाटून नाहीशी करते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पायांत थोडे बळ आले, की पिल्लू धडपडत निजायच्या जागेपासून चार पावले लांब जाते आणि तिथे उरकते. पुढच्या सगळ्या शिकवणीचा पाया हाच. निजायची जागा घाण करायची नाही, ही ओढ उपजत असते. ती जागा केवढी, हे मात्र उपजत कळत नाही. फ्लॅटमध्ये आलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाच्या लेखी घर म्हणजे त्याची गोधडी आणि तिच्याभोवतीचा हातभर परिसर. हॉलचे पलीकडचे टोक, जिथे पाहुण्यांसाठी सोफा मांडलेला असतो, ते त्याच्या हिशेबाने बाहेरच.

जुन्या वाड्यांत आणि खेड्यांतल्या घरांत हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. कुत्रे ओसरीच्या पायरीशी नाहीतर गोठ्याच्या तोंडाशी असे. अंगण, परसू, उकिरडा दोन ढांगांवर. त्याला कोणी काही शिकवत नसे, कारण ते आत येतच नसे. कुत्रे तिसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांपाशीही या बाबतीतले शहाणपण नव्हते, आणि त्याची जागा ऐकीव उपायांनी घेतली. केलेल्या जागी नाक घासा, वर्तमानपत्राची सुरळी करून मारा, पाणीच कमी द्या, हे त्यांतले मुख्य. पाणी तोडणे तर महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात सरळसरळ धोक्याचे आहे. रात्री झोपण्याआधी तास-दीड तास वाटी उचलून ठेवणे वेगळे, आणि दिवसा तहानलेले ठेवणे वेगळे.

साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या वयात पायाखाली काय असताना मोकळे व्हायचे, याची आवड पिल्लात पक्की होऊ लागते. मातीत वाढलेले रस्त्यावरचे देशी पिल्लू म्हणूनच अनेकदा लवकर शिकते. जमीन दिसली की त्याला काय करायचे ते ठाऊक असते. उलट, विक्रीसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या पिल्लाला झोपायचे, खायचे आणि घाण करायचे ते तिथेच, एवढेच करता आलेले असते. त्याची ती उपजत ओढच बोथट झालेली असते, आणि असे महागडे पिल्लू घेणाऱ्याला महिनोन्‌महिने फरशी पुसावी लागते. पायपुसणे, सतरंजी, बाथरूमबाहेरची मऊ चटई या वस्तूंवर पिल्लांचा डोळा असतो तोही यामुळेच. त्या पायाला मऊ लागतात, ओल शोषून घेतात आणि गवताच्या जवळच्या वाटतात. शिकवणीच्या काळात हे सगळे गुंडाळून माळ्यावर टाकावे.

किती वेळ धरवते, याचा ढोबळ हिशेब असा: पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, फार तर तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही ते शांत झोपलेले असेल तर. जागेपणी, खेळात, अंगात आल्यासारखे पळत असताना अर्धा-पाऊण तासही खूप झाला. त्याला न्यायच्या वेळा मात्र ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत, भरपूर पाणी प्यायल्यावर, खेळ संपता संपता, आणि रात्री दिवे मालवण्याआधी. पोटात अन्न गेले की आतड्याला चालना मिळते, त्यामुळे जेवणाच्या वेळा पक्क्या केल्या की शीच्या वेळाही आपोआप पक्क्या होतात. दिवसभर भांडे भरून ठेवणाऱ्या घरात हे कधीच होत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चार दिवस वेळा टिपून ठेवल्या, तर घरचे सगळे ज्याला ‘अचानक’ म्हणतात ते रोज सकाळी त्याच सुमारास घडते आहे, असे बहुतेक वेळा दिसते.

खुणाही असतात. खेळणे मध्येच सोडून देणे, नाक जमिनीला लावून हुंगत जाणे, त्याच जागी गिरक्या घेणे, खोलीतून गुपचूप सटकणे. गिरक्या सुरू झाल्या म्हणजे हातात फार थोडे क्षण उरले. अशा वेळी पिल्लाला चालवत नेऊ नये, उचलावे. लिफ्टची वाट पाहताना, लिफ्टमध्ये आणि जिन्यात ते कडेवरच असावे. कडेवर घेतलेले पिल्लू सहसा धरून ठेवते, खाली ठेवले की लिफ्टच्या दारातच बसते. (पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण लिफ्टमध्ये झालेली शू पुसण्याची जबाबदारी पिल्लाच्या मालकाचीच, आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते बहुधा तिथूनच.)

खाली नेल्यावर रोज त्याच जागी न्यावे. तिथे कालचा वास असतो आणि अर्धे काम तो वास करतो. पट्टा हातात, बोलणे बंद, फोन खिशात. पिल्लू बसले की हळूच एकच ठरलेला शब्द उच्चारावा. मराठी घरांत तो बाळांसाठीचा ‘शू कर’ हाच असतो आणि तो उत्तम चालतो. झाल्यावर एक-दोन सेकंदांत, तिथेच, खाऊचा तुकडा आणि शाबासकी. वर आल्यावर दिलेले बिस्किट शूबद्दलचे ठरत नाही. ते दारातून आत आल्याबद्दलचे ठरते. आणि उरकल्याबरोबर लगेच घरी आणू नये. शू केली की फिरणे संपते, हे पिल्लाच्या एकदा लक्षात आले की ते धरून ठेवू लागते. बाहेर जितका वेळ काढता येईल तितका काढते आणि मग घरात करते. आधी शी-शू, मग पाच-दहा मिनिटे हुंदडणे, हा क्रम ठेवला की ते स्वतःच घाई करते.

यात लसीकरणाची अडचण आहे, आणि ती खरी आहे. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा रोग विष्ठेतून पसरतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालते, म्हणून तोवर पिल्लाला खाली नेऊ नका, असे अनेक पशुवैद्य सांगतात. आणि नेमका हाच काळ शिकण्याचा असतो. बहुतेक घरे मग वर्तमानपत्राकडे वळतात. पिल्लू कागदावर करायला शिकते, आणि कागद म्हणजे शौचकूप अशी त्याची पक्की समजूत होते. पुढे टीपॉयवरून खाली पडलेला रविवारचा अंक वाचायच्या आधीच भिजतो. त्यापेक्षा गॅलरीत माती किंवा हिरवळीचा तुकडा पसरलेला उथळ ट्रे ठेवावा. पायाला पहिल्यापासून मातीच लागते आणि चार महिन्यांनंतर खाली उतरताना नवे काही शिकवावे लागत नाही. ज्यांच्याकडे बंदिस्त गच्ची किंवा इतर कुत्री न येणारे अंगण आहे, त्यांची अडचण मुळातच कमी.

शिकवणी सर्वांत जास्त बिघडते ती शिक्षेने. पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर लॅब्राडॉरचे पिल्लू आले. त्याने हॉलमध्ये शू केली की घरातला जो जवळ असेल तो ओरडायचा. कोणी नाक घासायचे, कोणी सुरळी उगारायचे. काही दिवसांत हॉल कोरडा राहू लागला आणि सगळ्यांना वाटले, शिकले. मग दिवाणामागून वास येऊ लागला. तोवर दुसरेही एक घडले होते, ज्याचा संबंध कोणी लावला नाही: पिल्लू खाली पट्ट्यावर काहीच करीनासे झाले होते. सोसायटीच्या भिंतीकडेने त्याला फिरवून फिरवून माणूस थकायचा, पिल्लू मधूनमधून वर त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि घरी येऊन पट्टा काढला की तडक दिवाणामागे. घरच्यांनी याला खोडसाळपणा म्हटले. प्रत्यक्षात पिल्लू शिकवले तेच शिकले होते, की माणसाच्या देखत शू करणे धोक्याचे असते. जागेचा आणि ओरड्याचा संबंध त्याने लावलाच नव्हता. त्याने लावला तो माणसाच्या असण्याचा.

यातून बाहेर पडायला वेळ लागतो. पट्टा लांब घ्यावा लागतो, दोन-तीन मीटरचा. माणसाने पाठ करून उभे राहावे लागते. आणि पहिल्यांदा बाहेर झाले की पावाच्या कोरड्या तुकड्यावर न भागवता उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा काढावा लागतो. वर सांगितलेल्या घरात हे सगळे केले गेले आणि उपयोगही झाला, पण सरळ शिकवायला जितका वेळ लागला असता त्याहून कितीतरी जास्त गेला.

‘त्याला कळतं चुकलंय ते, बघा कसं तोंड पाडून बसलंय’ हा युक्तिवाद प्रत्येक घरात होतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की नाही, याच्याशी आढळला. काहीही न केलेली कुत्रीही रागावल्यावर तशीच दिसत होती. कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे ही समोरच्या माणसाला शांत करण्याची भाषा आहे. ऑफिसातून संध्याकाळी आल्यावर दुपारच्या डबक्याबद्दल केलेली शिक्षा त्यामुळे पूर्ण वाया जाते. डोळ्यांसमोर होत असेल तर टाळी वाजवून थांबवावे, उचलून बाहेर न्यावे, उरलेले तिथे होऊ द्यावे. नंतर सापडले तर फडके घ्यावे, बस्स.

पुसण्याचेही तंत्र आहे. फिनाइलचा वास माणसाच्या नाकाला पुरतो, कुत्र्याच्या नाही; खालची खूण त्याला लागते आणि तो पुन्हा तिथेच येतो. शिवाय फिनाइल पंजांना लागते, पंजे चाटले जातात, आणि त्यातली काही रसायने कुत्र्याला विषारी असतात. अमोनिया असलेले क्लीनर तर वापरूच नयेत, कारण मूत्रालाही तोच वास असतो. आधी कोरड्या कापडाने दाबून ओल टिपावी, मग एन्झाइमयुक्त क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्यावा. लगेच पुसला तर तो काम करत नाही. टाइल्सपेक्षा त्यांच्यामधल्या सांध्यांकडे आणि सोफ्याच्या लाकडी पायांच्या बुडाशी लक्ष द्यावे. शहाबादी फरशी असेल तर ती शोषते, तिथे दोनदा करावे लागते. जुने डाग सापडत नसतील तर अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारावा. दिसते ते पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

लक्ष नसताना पिल्लाला सगळ्या घरात मोकळे सोडू नये, हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण त्याने सर्वांत जास्त फरक पडतो. एक तर ते डोळ्यांसमोर असावे, नाहीतर लहानशा जागेत. स्वयंपाक करताना त्याचा पट्टा कमरेला बांधून ठेवला तरी चालते. क्रेट वापरायचा असेल तर पिल्लू उभे राहील, वळेल आणि पाय ताणून झोपेल एवढाच. मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शी, अशी वाटणी होते. क्रेट शिक्षेसाठी वापरू नये आणि वयाच्या हिशेबाने जेवढे तास धरवते त्याहून जास्त वेळ त्यात ठेवू नये. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात दुपारी कोणीतरी येऊन नेईल अशी सोय केल्याशिवाय पिल्लू आणूच नये.

खाण्याबद्दल थोडे. दूध-पोळी हे पिल्लाचे पारंपरिक अन्न असले तरी आईचे दूध सुटल्यावर अनेक पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही आणि पातळ शी होते. ती कितीही शिकवले तरी धरवत नाही. जंतांमुळेही तेच होते, म्हणून जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे.

पाहुणे आले की, किंवा कोणी अंगावर वाकून हात पुढे केला की, ज्या पिल्लाची शू होते, ते शिकवणीतले अपयश नाही. ती आनंदाची किंवा दबून गेल्याची प्रतिक्रिया आहे, तिच्यावर त्याचा ताबा नसतो, आणि रागावल्यास ती वाढते. आल्यागेल्यांनी दारात पिल्लाकडे दुर्लक्ष करावे, मग खाली बसून बाजूने हात लावावा. वयाबरोबर हे बहुधा जाते.

शिकलेले पिल्लूही दोन हंगामांत मागे जाते. जुलैच्या संततधारेत ओल्या गवतावर पाय ठेवायला ते तयार नसते. छपराखालची एखादी कोरडी जागा पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावी. साचलेल्या पाण्यातून नेऊ नये, कारण उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. त्याची लस पावसाळ्याच्या आधी विचारून घ्यावी. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत, उजेडीच, नेऊन आणावे. भेदरलेले पिल्लू रात्री खाली काही करत नाही आणि पट्टा तोडून पळण्याची भीती असते. सहा-आठ महिन्यांच्या वयात नर पाय वर करून खुणा टाकू लागतो. तो वेगळा प्रकार आहे. त्याबद्दल आणि नसबंदीबद्दल पशुवैद्याशी बोलावे.

सगळे नीट करूनही होत नसेल, तर आधी मूत्राची तपासणी करावी. थेंब थेंब, वारंवार, जोर करून होणारी शू हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असते, आणि ते मादी पिल्लांत जास्त दिसते. झोपेतही सतत ओले राहणाऱ्या पिल्लात मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असू शकते. त्याला शस्त्रक्रिया लागते. आधी वर्षभर स्वच्छ असलेले कुत्रे एकाएकी घरात करू लागले आणि पाणीही जास्त पिऊ लागले, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार तपासावा. नसबंदी झालेल्या मादीची झोपेत गादी भिजत असेल, तर त्यावर औषध आहे आणि ते बहुतेकींना लागू पडते.