ओझोनचे छत्र

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून कित्येक किलोमीटर उंचीवर ओझोन नावाच्या वायूचा एक विरळ थर आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्वचेचा कर्करोग होतो, डोळ्यांना इजा पोहोचते आणि पिकांचीही हानी होते. हे अपायकारक किरण ओझोनचा थर बहुतांशी अडवून धरतो. म्हणून त्यास पृथ्वीचे छत्र म्हणणे यथार्थ ठरेल. हे छत्र मानवाच्याच हातून फाटण्याची वेळ आली होती.

इ. स. १९७३ साली मारिओ मोलिना हे मेक्सिकोचे तरुण रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत प्रा. शेरवुड रोलँड यांच्याकडे संशोधनासाठी आले. त्या काळी शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन जातीची द्रव्ये सर्रास वापरली जात. ती जळत नाहीत आणि इतर पदार्थांशी सहसा संयोग पावत नाहीत. म्हणून ती निर्धोक मानली जात. परंतु जो पदार्थ सहजी नष्ट होत नाही, तो हवेत मिसळल्यावर शेवटी जातो कोठे? हा साधा प्रश्न या दोघांनी हाती घेतला.

उत्तर भयावह होते. ही द्रव्ये वायुरूपाने वर्षानुवर्षे वर चढत जातात. तेथे अतिनील किरणांनी त्यांचे विघटन होऊन क्लोरीनचे अणू सुटे होतात. असा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करू शकतो.

जून १९७४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक उत्पादकांनी तो निव्वळ तर्क ठरविला. परंतु दोघे संशोधक निबंध लिहून स्वस्थ बसले नाहीत. टीका सोसून त्यांनी वृत्तपत्रांना व लोकप्रतिनिधींना हा धोका समजावून सांगितला. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत फारच घटत असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले, आणि त्याचे मूळही याच द्रव्यांत असल्याचे पुढे सिद्ध झाले.

अखेर १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे या द्रव्यांचे उत्पादन घटविण्याचा करार झाला. १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आज जगातील सर्व राष्ट्रे त्यात आहेत. ओझोनचा थर आता हळूहळू सावरत आहे. १९९५ साली रोलँड, मोलिना व हॉलंडचे पॉल क्रुट्झेन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कोणासही नफा व्हावयाचा नसतो, तो प्रश्नही जेथे विचारता येतो आणि सापडलेले सत्य जेथून निर्भयपणे जगापुढे मांडता येते, ते खरे विद्यापीठ. पुढील पिढ्यांसाठी पृथ्वी सुरक्षित राखावयाची, तर अशी विद्यापीठे देशोदेशी नांदली पाहिजेत.