झुपक्यांचं शेवाळ

प्रश्न : दोन फुटी टाकीत गप्पी आणि मॉली आहेत. झाडांवर, फिल्टरच्या पाइपवर केसांसारखं हिरवं शेवाळ येतंय. काढलं तरी पुन्हा वाढतं. औषध टाकू का?

उत्तर : तूर्त नको. अशा काही औषधांत तांबं असतं; टाकीत कोळंबी किंवा गोगलगायी असतील तर त्या आधी जातात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे वर येऊन तोंड वासू लागतात.

जुना टूथब्रश झुपक्यात खुपसून गोल फिरवा, गुंडाळून बाहेर येतो. मग दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला; नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच. दिवा टायमर लावून सहा तासच. टाकीवर थेट ऊन पडत असेल तर जागा बदला, नाहीतर बाकीची मेहनत वाया.

खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. घरात प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकतो, खरी मेख बहुधा तिथंच असते! मॉली शेवाळ कुरतडते, पण पोट भरलेलं असेल तर ढुंकूनही बघत नाही. हॉर्नवर्टसारखी झपाट्यानं वाढणारी वनस्पती सोडा. शेवाळाचं खाद्य ती पळवते.