पोलाद वितळते 1,500 अंशांना, मग वाफ 540वरच का थांबते?

प्रश्न : मी चंद्रपूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. इथल्या वीज केंद्रात कोळशाची ज्वाळा 1,300 अंशांच्या वर तापते, पोलाद 1,500च्या आसपास वितळते. तरी वाफ 540 अंशांवरच का ठेवतात? कार्नोच्या सूत्राप्रमाणे तापमान वाढवले की कार्यक्षमता वाढायला हवी. दुसरे असे, की टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेची उष्णता कूलिंग टॉवरमधून चक्क उडवून देतात. तीच वाफ परत बॉयलरमध्ये का ढकलत नाहीत?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात नाही, मटेरियल्सच्या पुस्तकात आहे. हे दोन विषय वेगवेगळ्या सेमिस्टरला शिकवतात आणि त्यांची गाठ कुणी घालून देत नाही, ही आपल्या अभ्यासक्रमाबद्दलची माझी जुनी तक्रार.

वितळणबिंदू आधी बाजूला ठेवा. धातूचे केल्विनमधले तापमान त्याच्या वितळणबिंदूच्या साधारण चार दशांशांपुढे गेले, की सततच्या ताणाखाली तो हळूहळू लांबत राहतो. हाच क्रीप. पोलादात ही वेळ 450 अंश सेल्सिअसच्या आसपासच येते. म्हणजे 540 अंशांची वाफ वाहणारी सुपरहीटर ट्यूब पहिल्या दिवसापासून कणाकणाने फुगत असते. ती फुगूच नये, हे डिझायनरच्या हातात नसते. किती तासांत किती फुगेल, एवढेच तो ठरवतो. हा हिशेब बहुधा 1 लाख तासांवर बेततात, म्हणजे अखंड चालवल्यास साडेअकरा वर्षे. त्यात साध्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची ट्यूब नेमून दिलेल्या तापमानापेक्षा 10 अंश जास्त तापत राहिली, तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते.

औद्योगिक भेटीला जाल तेव्हा कंट्रोल रूममध्ये फोटो कमी काढा आणि फुटून काढलेली एखादी ट्यूब पाहायला मागा. ती लांबीच्या दिशेने उकललेली असते, कारण पातळ भिंतीच्या नळीत परिघावरचा ताण अक्षीय ताणाच्या दुप्पट असतो. तुमच्या पुस्तकातले सूत्र तिथे डोळ्यांना दिसते. आतून ऑक्साइडचा काळा थर असतो. तो उष्णता वाफेपर्यंत नीट पोहोचू देत नाही, त्यामुळे धातू आणखी तापतो आणि क्रीप आणखी वेगाने होतो. फाटलेल्या कडा जाड असतील तर अनेक वर्षांचा क्रीप समजावा. सुरीसारख्या पातळ होऊन माशाच्या तोंडासारख्या उघडल्या असतील, तर ट्यूब थोड्या वेळात बेसुमार तापली, बहुधा आतला प्रवाह अडला.

तापमान वाढवायचे धाडस कुणी केलेच नाही असे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ एडीस्टोन केंद्राचा पहिला संच 1960च्या सुमारास सुरू झाला. तो 649 अंश आणि सुमारे 345 बार दाबासाठी बांधला होता. एवढ्या उष्णतेला टिकायला ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील घ्यावे लागले. हे पोलाद क्रीपला चिवट, पण साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि उष्णता कमी वाहून नेते. त्यामुळे जाड भिंतीचा पाइप आतून तापतो, बाहेरून मागे राहतो आणि चालू-बंदच्या फेऱ्यांत त्याला तडे जातात. अखेर तो संच 610 अंशांच्या आसपास उतरवून चालवावा लागला. पुढची वाट मोकळी केली ती 9 टक्के क्रोमियमच्या सुधारित पोलादाने, म्हणजे पी-91ने. ते 1970च्या दशकात ओक रिज प्रयोगशाळेत घडले. प्रगती झाली ती अशी, अंशाअंशाने.

गॅस टर्बाइनमधला वायू 1,500 अंशांवर जातो हे खरे. पण तिथे पाती मोजकी असतात. ती एकस्फटिकी निकेल मिश्रधातूची करतात, आतून हवेने थंड ठेवतात. बॉयलरमधल्या मैलोन्‌मैल ट्यूबना हे लाड परवडणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न. कंडेन्सरमध्ये 0.1 बार दाबाला, सुमारे 46 अंशांवर, एक किलो वाफ 14 घनमीटरांहून जास्त जागा व्यापते. तिचे पाणी झाले की ते एका लिटरमध्ये मावते. हे पाणी 170 बारपर्यंत चढवायला फीड पंपाला किलोमागे 17 किलोज्यूलच्या थोडे वर काम पडते. तीच वाफ वाफेच्याच रूपात दाबायला गेलात, तर टर्बाइनने कमावलेले सगळे काम कॉम्प्रेसर गिळेल आणि वर उधारी मागेल. म्हणून किलोमागे 2,000 किलोज्यूलच्या आसपास उष्णता सोडून देणे, हाच स्वस्त सौदा.

540 आणि 46 अंश धरून कार्नो 61 टक्के देतो, तुमच्या केंद्रात मात्र 40 टक्केही पदरात पडत नाहीत. मुख्य कारण हे, की सगळी उष्णता 540 अंशांना दिलीच जात नाही. 170 बारला पाणी उकळते ते 350 अंशांच्या आसपास, आणि त्याआधीचे तापवणे त्याहून खालच्या तापमानाला होते. बाकीचे घर्षणात, चिमणीत आणि केंद्राच्या स्वतःच्या पंप-पंख्यांत जाते.

आणि उडवलेल्या त्या उष्णतेसाठी पाणी लागतेच. 2013च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोराडीचे संच नागपूर शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा आधार घेतात.