नवा ग्राहक आणि 'माहिती अवैध'

ग्राहक हा राजा, असे आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी शिकतो. पण संकेतस्थळाच्या दारातच तो कसा अडतो, हे मी देवासला आजोबांकडे पाहिले. त्यांचे आडनाव पवार. धार व देवासच्या राजघराण्यांचेही हेच आडनाव; रोमन लिपीत ते कुठे 'पी-यू-ए-आर', तर कुठे 'पी-ए-डब्ल्यू-ए-आर' असे लिहितात. आजोबांच्या पासबुकात एक रूप, आधार कार्डावर दुसरे. एका ऑनलाइन सेवेत विम्याचा हप्ता भरण्यासाठी नाव नोंदवताना तीनदा 'माहिती अवैध' एवढेच उत्तर आले आणि दर वेळी सगळा अर्ज कोरा झाला.

"माझंच नाव मला चुकलं का रे?" आजोबांनी विचारले.

संकेतस्थळांच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ साली मांडलेल्या दहा तत्त्वांपैकी एक असे: चूक सोप्या भाषेत, नेमकी सांगावी आणि उपायही सुचवावा. येथे 'नाव पासबुकाप्रमाणे लिहा' एवढी ओळ पुरली असती. चांगला दुकानदार हेच तोंडी सांगतो.

शेवटी आजोबा रांगेत उभे राहून हप्ता भरून आले. त्या सेवेकडे ते पुन्हा वळले नाहीत. हा तोटा कोणत्या खात्यावर मांडायचा, याचा विचार आपण वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावा.