पायथनचा क्लास लावण्याआधी सातबारा काढा

बारावीचा निकाल लागला की मुरुडमधल्या पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : मुलीला पायथन लावू की जावा? आणि एआय सगळं खाणार म्हणतात, मग फी पाण्यातच ना?

फी भरायची घाई नको. आधी वाडीचा सातबारा आणि आठ-अ काढून मुलीपुढे ठेवा.

सातबारा जमिनीचा : या गटात क्षेत्र किती, नावं कुणाची. आठ-अ खातेदाराचा : याच्या नावावर गावात काय काय. माहिती तीच, फक्त पाहायची बाजू वेगळी. आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या तर तुम्हाला माहीतच आहेत. दहा गुंठ्यांवर पंधरा नावं, त्यातली निम्मी मंडळी मुंबईला. मुलीला म्हणावं, हे सगळं बसेल असे तक्ते आख. ती आधी एकच तक्ता करील आणि नाव १, नाव २, नाव ३ असे रकाने पाडील. सोळावा वारस लागला की रकाने संपले! मग सुचतं : गटांचा तक्ता वेगळा, खातेदारांचा वेगळा आणि कोणाचा कुठे किती हिस्सा याचा मधला तिसरा. हा तिसरा तक्ता स्वतःहून सुचला, तर मुलगी डेटाबेसच्या कामाची आहे असं मी बेलाशक सांगेन.

पुढे फेरफार. जुनं नाव पुसत नाहीत, कंस करून फेरफार क्रमांक घालतात, म्हणजे इतिहास राहतो. खरेदीत एकाचं क्षेत्र घटतं, दुसऱ्याचं वाढतं. संगणकावर ही नोंद करताना मध्येच वीज गेली तर दोन्ही व्हायला हवं किंवा काहीच नको. डेटाबेसच्या भाषेत हेच ट्रान्झॅक्शन.

तक्त्यांची ही कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्यातून निघालेली एसक्यूएल भाषा आजही चालते. तेव्हाच्या किती भाषा अडगळीत गेल्या. एआय या भाषेतली क्वेरी लिहून देतो, कबूल. पण मयताचं नाव कमी करून वारस लावताना नेमकं काय काय बदलायचं, हे त्याला समजावणारं माणूस लागतंच.

हे शिकायच्या वाटा बऱ्याच आहेत. दहावीनंतर डिप्लोमा, बारावीनंतर इंजिनीअरिंग (आपल्याच जिल्ह्यात लोणेऱ्याचं विद्यापीठ आहे), बीएस्सी आयटी किंवा बीसीए. बीसीएसाठी २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, तिचा अर्ज चुकवू नका. नोकरीला मात्र नवी मुंबई-पुणं गाठावं लागेल, हे आत्ताच मनाशी धरा.

सरावाला पोस्टग्रेसक्यूएल फुकट मिळतं, जुना लॅपटॉपही पुरतो. पवईच्या आयआयटीतले एस. सुदर्शन हे ‘डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स’ या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकाचे एक लेखक. ते पुस्तक वाचनालयातून मिळवा. सुट्टीत शेजारच्या होमस्टेची बुकिंगची वही घेऊन तिचं ॲप करायला सांगा. ३१ डिसेंबरला एकच खोली दोघांना जाता कामा नये, एवढी एकच अट घाला. आणि क्लासवाल्याला विचारा, पहिल्या महिन्यात मुलं तक्ते आखतात की थेट वेबसाइट रंगवायला बसतात?