संरक्षण खरेदीतील ‘ऑफसेट’
परदेशी पुरवठादाराने शस्त्रास्त्रांच्या किमतीचा ठरावीक हिस्सा आपल्या देशातील खरेदी, गुंतवणूक वा तंत्रज्ञानाच्या रूपाने परत फेडावा, हा ‘ऑफसेट’चा अर्थ होय. भारताने हे धोरण २००५ मध्ये स्वीकारले. तेव्हा ३०० कोटी रुपयांवरील खरेदीस ३० टक्क्यांची अट होती. २०१६ च्या राफेल करारात ती ५० टक्के झाली व नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचे सुटे भाग बनविणारा कारखाना आला. बोरीवलीच्या लघुउद्योजकापर्यंत असे काम पोहोचले तर ते बहुधा उपकंत्राटातूनच. शिवाय आश्वासन म्हणजे पूर्तता नव्हे. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता अपेक्षित असता कंपन्यांचा दावा ११,३९६ कोटींचाच होता, असे महालेखापरीक्षकांनी नोंदविले. २०२० च्या नव्या कार्यपद्धतीने दोन सरकारांमधील करारांतून ही अट वगळली.